शाळेत नव्याने आलेली, इंग्रजी न येणारी मुलं : मदत करायची तर सुरुवात कुठून?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेने स्वयंसेवक हवेत म्हणून पत्र पाठवलं आणि मी उत्साहाच्या भरात नाव देऊन बसलो. काम ऐकायला सोपं आहे. दुसऱ्या देशांतून आलेली, इंग्रजी न येणारी पाचसहा मुलं आहेत, वय अकरा ते चौदा. आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर तासभर बसायचं. त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाई आहेत, चांगल्या आहेत, पण त्यांच्या गळ्यात दोन शाळा आहेत, त्यामुळे त्या कायम धावतपळत.

मी पेशाने हिशेबनीस. शिकवण्याचा अनुभव शून्य. घरात व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यातून नाम-सर्वनामापासून सुरू करावं असा बेत होता. मुलं पाहिली आणि बेत डळमळला. एक युक्रेनियन मुलगा आहे, तो तोंडच उघडत नाही. हो-नाहीसुद्धा मानेने. एक होंडुरासची मुलगी, ती याच्या बरोब्बर उलट; मागच्या वर्षी आली आणि इतकं भराभर बोलते की तिला या गटात का बसवलंय हेच कळत नाही. पण विज्ञानात नापास. एक अफगाण मुलगा तेरा वर्षांचा, तो आजवर शाळेत फारसा गेलेलाच नाही. आणि एक चक्क आपला मराठी, मराठी माध्यमातून आलेला.

या सगळ्यांना एकाच तासात काय देऊ? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

अर्धविराम
पुस्तक आधी कपाटात परत ठेवा. :)

मी हेच काम पूर्ण वेळ करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या आठवड्यात मुलाला इंग्रजी शिकवायचं नसतं, दिवस निभावून न्यायला शिकवायचं असतं. 'कॅन आय गो टु द बाथरूम', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'प्लीज से इट अगेन', 'आय नीड हेल्प', 'माय स्टमक हर्ट्स'. एवढी वाक्यं छोट्या कार्डांवर लिहा, शेजारी चित्र काढा, कार्डं कडीत ओवून मुलाच्या हातात द्या. बोलवत नसेल तर तो कार्ड दाखवेल. मग त्याला घेऊन शाळाभर हिंडा. नर्स कुठे बसते, ऑफिस कुठे, घरी जायची बस कुठल्या दारासमोर लागते. लॉकरचं आकड्यांचं कुलूप कसं उघडायचं हे कुणीच शिकवत नाही, आणि ते उघडत नाही म्हणून दिवसभर सगळी पुस्तकं पाठीवर वागवणारी मुलं मी दरवर्षी बघते.

नावाचा उच्चार मुलालाच विचारा आणि तोच शिका. सोयीसाठी 'सॅम' वगैरे करून टाकू नका.

आता तुमचा न बोलणारा मुलगा. त्याला काहीही झालेलं नाही. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने या मौनकाळावर बरंच लिहिलंय. मूल त्या काळात ऐकत असतं, साठवत असतं. त्याला 'से इट, से इट' करून टोचू नका. त्याऐवजी अंगाने उत्तर देता येईल असं काम द्या. जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात यावर एक पद्धतच बसवली : शिक्षक सूचना देतो आणि स्वतः करून दाखवतो, मुलं फक्त कृती करतात. स्टँड अप. टच द डोअर. पुट द रेड पेन्सिल अंडर द चेअर. यात क्रियापदं येतात, रंग येतात, शब्दयोगी येतात, आणि कुणाला तोंड उघडावं लागत नाही. थोडे दिवस गेले की सूचना मुलांनाच देऊ द्या. तुम्हाला खुर्चीखाली शिरायला लावण्यात त्यांना भयंकर मजा येते.

प्रश्न विचारण्याचाही क्रम असतो. आधी 'बोट दाखव', मग 'हो की नाही', मग 'हे की ते', मग एका शब्दाचं उत्तर, आणि पूर्ण वाक्य सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरू करतात आणि मूल गप्प बसलं की 'याला काहीच येत नाही' म्हणून मोकळे होतात.

बाकीच्या मुलांबद्दल संध्याकाळी टंकते.

गप्पिष्ट
एवढं सगळं कशाला? साधा उपाय आहे. घरी मातृभाषा बंद, इंग्रजी चालू. टीव्हीवर कार्टून लावून द्या. माझ्या चुलतभावाची पोरगी तीन महिन्यांत फाडफाड बोलायला लागली. पोरं आपोआप शिकतात हो, आपणच बाऊ करतो.

चौकट
गप्पिष्टभाऊ, पोरगी किती वर्षांची?

गप्पिष्ट
पाच.

चौकट
वाटलंच. पाच वर्षांच्या मुलीला शाळेत लागणारं इंग्रजी असतं केवढं? रंग, प्राणी, 'माझी पाळी', 'शेअर कर'. तेवढं आलं की ती वर्गातल्या सगळ्यांच्या बरोबरीला आली. तेराव्या वर्षी आलेल्या मुलाच्या पुढ्यात प्रकाशसंश्लेषण आणि राज्यघटना असते.

टोरांटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये यात एक भेद केला, तो पाटीपेन्सिल यांच्या होंडुरासच्या मुलीला तंतोतंत लागू पडतो. गप्पा मारायची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. पहिली साधारण वर्ष-दोन वर्षांत येते, कारण समोरच्याचा चेहरा, हातवारे, प्रसंग सगळं मदतीला असतं. दुसरी वर्गातल्या इतर मुलांच्या पातळीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, कारण त्या मुलांचं इंग्रजीही थांबलेलं नसतं, तेही दरवर्षी पुढे सरकत असतं. मुलगी मैदानावर भराभर बोलते म्हणून सगळ्यांना वाटतं, हिचं झालं. मग विज्ञानाच्या पेपरात 'द रेट ॲट विच वॉटर इव्हॅपरेट्स इज अफेक्टेड बाय...' असं वाक्य येतं आणि ती आडवी होते. त्यात पाणी सोडून एकही शब्द मैदानावर ऐकू येत नाही. शिवाय कर्मणी प्रयोग. अशा मुलीला आळशी ठरवणं फार सोपं असतं.

आणि 'लहान मुलं लवकर शिकतात' हेही सरसकट खरं नाही. कॅथरीन स्नो आणि मरियान हूफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास केला होता, १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयोगटातली मुलं. तीन ते पाचवाली मागे होती. लहानांचे उच्चार छान बसतात म्हणून आपल्याला ती पुढे गेल्यासारखी वाटतात.

दूरदेशी
चौकट यांना +१. घरी मातृभाषा बंद करायला माझा तर कडाडून विरोध आहे. आमच्या इथल्या एका शिक्षिकेने मलाही हाच सल्ला दिला होता, मी तो ऐकला नाही. अपूर्णांक म्हणजे काय हे मुलाला मराठीत पक्कं ठाऊक होतं. त्याला फक्त न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर ही दोन नावं हवी होती. ज्या मुलाला अपूर्णांकच माहीत नाही त्याला कल्पना आणि नाव दोन्ही एकदम शिकावं लागतं, तेही न कळणाऱ्या भाषेत. आणि आईबापांचं इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर घरी ते तसलं इंग्रजी बोलणार, म्हणजे मुलाच्या कानावर एकही धड भाषा नाही. घरी मराठीत भरपूर बोला, वाचा, भांडा. 'आज विज्ञानात काय झालं' हे मराठीत नीट सांगता आलं तर उद्या इंग्रजीत सांगता येईल.

गणिताबद्दल एक गोष्ट, जी शाळांच्या लक्षातच येत नाही. गणिताला भाषा लागत नाही म्हणतात, पण आकडेसुद्धा परके असू शकतात. अफगाण मुलाने आकडे पश्तोत शिकले असतील तर त्यांचं शून्य म्हणजे एक ठिपका असतो आणि पाच हा आकडा गोलसर, आपल्या शून्याच्या जवळ जाणारा. युक्रेनियन मुलगा दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देईल, आणि भागाकाराची मांडणीही त्याची वेगळी असेल, भाजक उजवीकडे. आपल्या मराठी मुलाने घाईत १ लिहिला तर बाईंना तो नऊ वाटेल. उत्तर बरोबर असून चुकीची फुली मिळते. पाटीपेन्सिल, तुम्ही हिशेबनीस आहात, हे तुम्ही बाईंच्याही आधी पकडाल.

गप्पिष्ट
नऊ आणि एकचा मुद्दा भारी आहे. पण तरी म्हणतो, कार्टूनने नुकसान तर होत नाही ना?

अर्धविराम
नाही होत. इंग्रजीच सबटायटल्स लावून बघितलं तर फायदाच आहे. फक्त मुख्य जेवण म्हणून ते चालत नाही.

आता राहिलेली मुलं. तेरा वर्षांचा, शाळेत न गेलेला मुलगा ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्याला बाकीच्यांच्या मापाने मोजू नका. युक्रेनियन मुलाला वाचता येतं, फक्त दुसऱ्या लिपीत. त्याला नवी अक्षरं दिली की गाडी सुरू होते. अफगाण मुलाला कदाचित कुठल्याच लिपीत वाचता येत नसेल. छापील मजकुरातून आवाज निघतो, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचं, तक्ता आडवा आणि उभा वाचायचा, तास संपल्याची घंटा म्हणजे काय, इथपासून त्याची सुरुवात. पश्तो उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे थोडंफार येत असेल तर दिशाही उलटी. अशा मुलांसाठी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नेहमीच्या इंग्रजी वर्गांपेक्षा वेगळा, साक्षरतेवर भर देणारा कार्यक्रमच आहे. सगळीकडे तशी सोय नसते.

त्याला वाचायला शिकवताना दोन पथ्यं. पहिलं, आवाजांपासून सुरू करा, आणि इंग्रजीत अक्षरं २६ पण ध्वनी साधारण ४४, हे लक्षात ठेवा. त्यामुळे 'ए फॉर ॲपल' पाठ करून घेतल्याने वाचता येत नाही. एस, एम, टी, पी, ए, आय एवढ्या मोजक्या अक्षरांत सॅट, मॅप, पिट, टिप असे बरेच शब्द जुळतात, ते जोडायला लावा. सोबतीला 'द', 'वॉज', 'सेड' असे वारंवार येणारे, फोड करून न वाचता येणारे शब्द हळूहळू. एडवर्ड डॉल्च यांची २२० शब्दांची जुनी यादी आजही त्यासाठी वापरतात.

दुसरं पथ्य, त्याला सशांची आणि बदकांची पुस्तकं देऊ नका. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या हातात बाळांचं पुस्तक दिलं तर तो पुन्हा येणार नाही. त्याच्याच तोंडून गोष्ट घ्या. त्याला चित्र काढू द्या, शब्द-दोन शब्द तो सांगेल तसे तुम्ही लिहा, आणि तेच त्याला वाचायला द्या. 'धिस इज माय ब्रदर. ही ड्राइव्ह्ज अ ट्रक.' मजकूर त्याचा स्वतःचा असल्यामुळे पुढचा शब्द कोणता हे त्याला आधीच माहीत असतं, आणि वाचन जमतं.

उंबरठा
मी स्वतः चौदाव्या वर्षी अशीच एका शाळेत येऊन पडले होते, तेव्हा बाकाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

तासांचं काही वाटत नाही. तास चालू असताना निदान बसायची जागा ठरलेली असते. जेवणाची सुट्टी सगळ्यात वाईट. म्हणून माझं सांगणं, जोडीदार नेमून द्या, आणि एक नको, दोन द्या. एकच असला तर त्याला थोड्या दिवसांनी कंटाळा येतो आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. एक आपल्या भाषेतला असला तर छान, पण दुसरा तरी इंग्रजीवाला हवा.

बोलताना प्रत्येक चूक दुरुस्त करू नका. 'ही गो होम' म्हटलं तर 'येस, ही वेंट होम' एवढंच म्हणा आणि पुढे चला, कान बरोबर टिपतो. आणि न विचारता फळ्यासमोर उभं करू नका. माझ्या समाजशास्त्राच्या सरांनी मला उत्तर आधी मराठीत लिहायची मुभा दिली होती. त्यांना एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पण पान भरलेलं दिसायचं, त्यातल्या दोन ओळी मी इंग्रजीत करून द्यायचे, आणि मुलगी मठ्ठ नाही हे त्यांना पुरतं कळलं होतं.

नियमावली
पाटीपेन्सिल, अमेरिकेत आहात ना? मग कायद्याची बाजू थोडक्यात, कारण नव्याने आलेल्या पालकांना ती कुणी सांगत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजीसाठी काहीच मदत मिळत नव्हती. १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. म्हणजे भाषेची मदत हे शाळेचे उपकार नाहीत. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानुसार इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. आणि महत्त्वाची माहिती पालकांना समजेल अशा भाषेत देणं शाळेला बंधनकारक आहे. दुभाषा मागा. मुलालाच दुभाषा करून त्याच्याच गैरहजेरीची चर्चा करू नका. तो काय भाषांतर करेल हे वेगळं सांगायला नको.

पाटीपेन्सिल
अमेरिकाच. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कार्डं करून दिली. युक्रेनियन पठ्ठ्या अजून बोलत नाही, पण 'टच द डोअर' मध्ये सगळ्यांच्या आधी दाराला हात लावून येतो.

आता होंडुरासच्या मुलीचा प्रश्न. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, 'मी पेपर सोपा केला तर बाकीच्यांवर अन्याय.' त्यांना काय सांगू? आणि फोनवरचं भाषांतर वापरू द्यावं का?

अर्धविराम
त्यांना सांगा, विज्ञान सोपं करू नका, वाक्य सोपं करा. पेपर बाष्पीभवनाचा आहे, इंग्रजीचा नाही. 'एक्सप्लेन द फॅक्टर्स दॅट इन्फ्लुअन्स...' याऐवजी आकृती द्या आणि नावं लिहायला सांगा. खाली शब्दांची पेटी द्या. अर्धं वाक्य आयतं द्या : 'वॉटर इव्हॅपरेट्स फास्टर व्हेन ___ बिकॉज ___.' गाळलेली जागा भरायला तिला विज्ञान यावंच लागतं, त्यामुळे अन्याय वगैरे काही होत नाही. वेळ वाढवून द्या, आणि फक्त प्रतिशब्द असलेला द्विभाषिक शब्दकोश जवळ ठेवू द्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या 'विडा' या संस्थेची पातळीवार तक्ती आहेत, कुठल्या पातळीचं मूल काय करू शकतं ती. तुमचं राज्य 'विडा'त असेल तर ती त्या शिक्षकांच्या हातात द्या. तुम्ही सांगण्यापेक्षा छापील कागद त्यांना लवकर पटेल. :)

तिच्याबरोबर तुम्ही बसाल तेव्हा मात्र अवघड शास्त्रीय शब्दांवर फार वेळ घालवू नका, ते शिक्षक शिकवतातच. तिचं अडतं ते 'अफेक्ट', 'इन्क्रीज', 'देअरफोर', 'कम्पेअर', 'ॲकॉर्डिंग टु' या मधल्या शब्दांवर. ते सगळ्या विषयांत येतात आणि कुठल्याच विषयाचे शिक्षक ते आपले मानत नाहीत. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली, ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कूळ). ती विद्यापीठाच्या अभ्यासासाठी आहे, अख्खी नको, पण आठवड्याला पाचसहा शब्द निवडायला उत्तम.

फोन : एखादा शब्द अडला, पालकांना निरोप द्यायचा आहे, मुलाला काही दुखतंय, तर जरूर. अख्खा परिच्छेद घालून अख्खा परिच्छेद काढायला नाही. त्यात मूल फक्त टपालवाला होतं.

चौकट
एक पुस्ती. अशी मुलं मागे पडली की त्यांना शिकण्यातला दोष आहे असा शिक्का लवकर बसतो. आणि उलटही घडतं, खरोखर दोष असतो आणि सगळे 'भाषेमुळे असेल' म्हणून वर्षानुवर्षं थांबतात. मातृभाषेतही वाचायला तेवढंच जड जातं का, हे आईवडिलांना विचारणं ही पहिली खूण. आणि त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळाच दिसत नसेल तर पुढची सगळी चर्चा फुकट.

गप्पिष्ट
अवांतर : आपल्या मराठी पोराचं काय झालं? त्याच्यावर कुणी बोलतच नाहीये.

दूरदेशी
त्याचं गणित वर्गापेक्षा पुढे असणार, त्यालाच बाकीच्यांना शिकवायला बसवा. पाढे येतात म्हटल्यावर दोन दिवसांत मित्र मिळतील. इंग्रजीत ए-ॲन-द चुकणारच, आपल्या भाषेत तो प्रकारच नाही. युक्रेनियन मुलाचंही तेच. त्याच्या मागे लागू नका, ते सर्वांत शेवटी बसतं. व्ही आणि डब्ल्यू एकसारखे म्हणेल, तेही चालतं. कॅपिटल अक्षरं मात्र आत्ताच लावून घ्या, देवनागरीत ती नसल्यामुळे त्याला त्यांची आठवणच राहत नाही.

पाटीपेन्सिल
गणिताचं बरोबर ओळखलंत. पण त्याचे वडील म्हणताहेत की इंग्रजीच्या वेगळ्या वर्गातून नाव काढून घेतो, चारचौघांत कमीपणा वाटतो. असं नाव काढता येतं का?

नियमावली
येतं, लेखी कळवलं की पालकांना नकार देता येतो. पण त्यांना एक सांगा. नकार दिला म्हणून मूल इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडत नाही. दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा, ठरलेले गुण मिळेपर्यंत, द्यावीच लागते. म्हणजे परीक्षा राहते आणि तयारी करून घेणारा तास जातो. कमीपणा नेमका कशाचा वाटतो तेही विचारा. बऱ्याचदा त्या तासामुळे मुलाचा आवडीचा तास बुडत असतो आणि घरी तो 'कमीपणा' म्हणून सांगितला जातो. खेळ किंवा चित्रकला बुडत असेल तर सही करण्याआधी वेळापत्रक बदलून मागायला सांगा.

पाटीपेन्सिल
विचारलं. बँडचा तास बुडतोय. ट्रम्पेट हवंय त्याला. बाईंना उद्याच भेटतो.